धांवपळ आणि धांव

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आज आपण सहकुटुंब येथें जमलों आहों. महोत्सव म्हटला म्हणजे मंडप, बॅंड, मिरवणूक, भोजन हें सर्व आलेंच, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु 'ज्युबिली' या शब्दाचें मूळ पाहावयास गेलें तर तें आपणांस जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत घेऊन जातें. तेथें इस्राएल लोकांस अशी आज्ञा आहे कीं, सातांचीं सात वर्षें मोजून झालीं म्हणजे पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, शिंग फुंकून देशभर मुक्ततेची द्वाही फिरवावी, ज्याची जमीन हातची गेली असेल त्यानें आपल्या जमिनीवर यावें आणि ज्याला पोटासाठीं दुसऱ्याच्या दारीं राबावें लागलें असेल त्यानें आपल्या कुटुंबांत परत यावें. तात्पर्य, ज्युबिली म्हणजे घरीं परत येण्याचें वर्ष.

म्हणून आजच्या भाषणासाठीं मीं विषय निवडला आहे तो घराचा. आणि थोडें चमत्कारिक वाटेल, पण त्याबरोबरच धांवण्याचा. घर आणि धांवणें यांचा संबंध काय, असें तुमच्यापैकीं कित्येकांच्या मनांत येईल. तो संबंध ज्या प्रसंगानें मला कळला तो प्रसंगहि मी सांगणार आहें. त्यांत माझी स्वतःची चूक आहे, आणि ती लपविण्याचें कारण नाहीं.

आपल्या या भागाचें जीवन घड्याळाच्या कांट्याला बांधलेलें आहे. आपल्या वाडवडिलांच्या काळीं पालघर, बोईसर, चिंचणी, तारापूर हीं शेतीचीं, बागायतीचीं व मासेमारीचीं गांवें होतीं. कोंबडा आरवला म्हणजे दिवस सुरू होई व दिवेलागण झाली म्हणजे संपे. पुढें सन १९६९ मध्यें तारापूर येथें देशांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र वीज देऊं लागलें. बोईसरभोंवतीं औद्योगिक वसाहत वाढली. सन २०१३ मध्यें चर्चगेटच्या लोकलगाड्या डहाणूपर्यंत येऊं लागल्या. आणि सन २०१४ च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेस पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या सर्वांनीं आपल्याला भाकर दिली, आपल्या मुलांस शिक्षण दिलें. वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे आणि याच मातींत जन्मलेले आदिवासी बांधव आज एका वेदीभोंवतीं गुडघे टेकतात, हेंहि त्याच बदलाचें देणें आहे. पण घड्याळ जसें देतें तसें घेतेंहि.

कारखान्याच्या तीन पाळ्या असतात. बाप पहिल्या पाळीला निघतो तेव्हां मुलें निजलेलीं असतात. दुसऱ्या पाळीहून परत येतो तेव्हांहि निजलेलींच असतात. आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यांत मुलें जागीं असतात तेव्हां बाप निजलेला असतो व आई ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प करीत असते. 'हळू बोला, बाबा निजले आहेत,' हें वाक्य आपल्या कित्येक मुलांच्या बालपणाचें पहिलें पाठांतर आहे. आईहि नोकरी करणारी असली तर तिचा दिवस पहांटे चारला उजाडतो. पाणी भरावयाचें, डबे करावयाचे, मुलांच्या वेण्या-गणवेश पाहावयाचे, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवावयाच्या आणि मग गाडी गांठावयाची. कित्येक भगिनी गाडींत उभ्यानेंच जपमाळेचे मणी ओढतात. परत येतांना स्टेशनाबाहेर भाजीची पिशवी भरून घेतात, आणि घरीं पोंचल्यावर विसाव्याऐवजीं दुसरी पाळी सुरू होते. हिची नोंद कोणत्याहि हजेरीपटांत होत नाहीं.

या सर्वाला आपल्या मराठींत एक फार अर्थपूर्ण शब्द आहे, तो म्हणजे धांवपळ. यांत दोन शब्द आहेत, आणि ते एकच नव्हेत. धांवणारा कशाकडे तरी जात असतो. पळणारा कशापासून तरी दूर जात असतो. दोघांचे पाय सारखेच हलतात, दोघांना घाम सारखाच येतो. पण एकाचें लक्ष पुढें असतें आणि दुसऱ्याचें मागें. हा भेद ध्यानांत ठेवा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां धांवण्याकडे वळूं. अलीकडे पहांटे मिस्सेच्या तयारीसाठीं मी मंदिराचें दार उघडतों तेव्हां रस्त्यानें एक नवें दृश्य दिसतें. चाळिशीपन्नाशीचे गृहस्थ, कधीं एखादी भगिनी, अंधारांत एकटेंदुकटें धांवत चाललेलीं असतात. त्यांच्यामागें कोणी लागलेला नसतो व पुढें कोणती गाडीहि गांठावयाची नसते. आपल्या वडील माणसांना याचें हसूं येतें. 'दिवसभर धांवतां तें कमी झालें काय?' असें तीं विचारतात. प्रश्न अगदींच वावगा नाहीं. डोक्यावर लांकडाची मोळी घेऊन बाजाराची वाट तुडविणाऱ्या आपल्या आदिवासी भगिनीला कोणीं धांवण्याचा उपदेश करूं नये. तिला विसाव्याची गरज आहे. परंतु ज्याला यंत्रासमोर आठ तास उभें राहावें लागतें, किंवा जो खुर्चीवर बसूनच पोट भरतो, त्याचें शरीर थकतें तरी हलत नाहीं. असा थकवा झोपेनेंहि जात नाहीं. पुढें रक्तांत साखर वाढते, रक्तदाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०२० मध्यें प्रौढ माणसांस असा सल्ला दिला कीं, आठवड्यांत निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाची किंवा ७५ मिनिटें जोराच्या श्रमाची हालचाल अंगाला असावी. हिशेब केला तर भरभर चालण्याचा अर्धा तास आठवड्यांतून पांच दिवस पुरतो. मागणें फार मोठें नाहीं.

आणि ही गोष्ट परदेशाहून आलेली नवी हौस आहे, असेंहि कोणीं समजूं नये. लांब पल्ल्याच्या ज्या शर्यतीस आपण मॅरेथॉन म्हणतों ती सन १८९६ मध्यें अथेन्सच्या ऑलिम्पिक खेळांत प्रथम झाली. तिचें आजचें ४२.१९५ किलोमीटरांचें अंतर सन १९०८ च्या लंडनच्या खेळांतून आलें व सन १९२१ मध्यें कायमचें ठरलें. त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललें होतें? सन १९१९ मध्यें पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. अनवाणी धांवणाऱ्या शेतकरी तरुणांची चाल पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा थक्क झाले, आणि त्यांच्या पुढाकारानें सन १९२० मध्यें बेल्जममधील अँटवर्प येथें आपल्या देशाचा चमू गेला. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमींच्याहून लांब, ४२.७५ किलोमीटरांची होती. तींत ते एकोणिसावे आले. त्यांना पदक मिळालें नाहीं. पण शंभर वर्षांनंतरहि आपण त्यांचें नांव घेतों, यावरून शर्यतींत पहिला येणें हेंच सर्वस्व नव्हे, एवढें तरी दिसतें.

ख्रिस्तसभेनेंहि शरीराच्या व्यायामाचें महत्त्व मानलें आहे. सन १९४५ मध्यें पोप बारावे पायस यांनीं इटलींतील खेळाडूंपुढें मोठें भाषण करून खेळाचें महत्त्व सांगितलें. मात्र खेळामुळें पतिपत्नींचा जिव्हाळा व कुटुंबाचा आनंद यांना बाध येतां कामा नये, हेंहि त्यांनीं त्याच वेळीं बजावलें. सन २०१९ मध्यें तर खुद्द व्हॅटिकनमध्यें धर्मगुरु, धर्मभगिनी, स्विस रक्षक व कामगार यांचा धांवणाऱ्यांचा संघ अधिकृतपणें स्थापन झाला.

असो. हें सर्व मला ठाऊक होतें. तरी माझ्या हातून चूक झाली ती अशी.

कांहीं वर्षांपूर्वीं रविवारच्या मिस्सेनंतर एक भगिनी माझ्याकडे आल्या. नांवाचें कारण नाहीं; त्या उभयतांच्या संमतीनेंच मी हें सांगत आहें. पति कारखान्यांत पाळीनें कामाला, त्या स्वतः परिचारिका, घरीं सहावींतला मुलगा, पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला जाणारी मुलगी व सासूबाई. त्या म्हणाल्या, "फादर, ह्यांना दारूचें व्यसन नाहीं, पत्त्यांचें नाहीं, धांवण्याचें लागलें आहे. पूर्वीं हे कामावर असत. आतां कामावर नसतात तेव्हां धांवण्यावर असतात. मग घरीं केव्हां असतात, तें तुम्हीच त्यांना विचारा."

चौकशी केली तेव्हां कळलें कीं, गृहस्थ सुट्टीच्या रविवारीं पहांटे साडेचारला नवापूरच्या समुद्राकडे धांवत निघतात, तीन-साडेतीन तासांनीं परत येतात आणि दमून निजतात. मिस्सा बुडते. मुलीच्या वर्गाच्या पालकसभेस त्यांना कोणीं कधीं पाहिलें नव्हतें. मीं त्यांना बोलावून घेतलें. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, या म्हणीप्रमाणें, त्यांचें कांहींएक न ऐकतां उपदेशास आरंभ केला. देहाचे लाड, पदकांची हांव, मूर्तिपूजा, असे सेमिनरींत शिकलेले सर्व मोठे शब्द मीं त्यांच्यावर फेंकले. ते मान खालीं घालून ऐकत होते. माझें बोलणें संपल्यावर ते हळूच म्हणाले, "फादर, मी सातवींत असतांना माझे वडील गेले. बेचाळीस वर्षांचे होते. पाळीहून आले, पाणी मागितलें आणि खालीं बसले, ते उठलेच नाहींत. मी आतां एकेचाळीस वर्षांचा आहें. गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं साखर वाढल्याचें सांगितलें. आणि माझा मुलगा पुढल्या जूनमध्यें सातवींत जाईल."

बंधूंनो, मीं काय उत्तर द्यावें? कुमसाराच्या खुर्चीवर मीं इतकीं वर्षें काढलीं, पण त्या दिवशीं ऐकण्याच्या आधीं बोललों. पत्नीचें म्हणणें, मुलांचा बाप घरांत नाहीं; पतीचें म्हणणें, मुलांचा बाप घरांत राहावा म्हणूनच मी धांवतों. दोघांचेंहि खरें होतें. आणि दोघांचेंहि खरें असतें तेव्हां धर्मगुरूचा न्याय कामास येत नाहीं. प्रथम त्याची क्षमायाचनाच कामास येते. ती मीं केली.

नंतरच्या आठवड्यांत मीं दोघांना एकत्र बोलाविलें. या वेळीं उपदेश केला नाहीं. एक कागद पुढें ठेवला आणि म्हटलें, "दोघांनीं आपापला कालचा दिवस लिहावा; उठल्यापासून निजेपर्यंत." गृहस्थांचें लवकर लिहून झालें. बाईंचा कागद भरला, मागील बाजू भरली, तरी संध्याकाळचे सातच वाजले होते. गृहस्थांनीं तो कागद हातीं घेऊन दोनदां वाचला. मग विचारलें, "यांत तुझा असा वेळ कोणता?" बाई म्हणाल्या, "गाडींत बसावयास जागा मिळाली तर तेवढा." साखर केवळ पुरुषांच्याच रक्तांत वाढते असें थोडेंच आहे? बाईंनींहि स्वतःची तपासणी कित्येक वर्षांत केली नव्हती. आणि त्या तर रोज दुसऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या!

त्या गृहस्थांना मग मीं एवढेंच म्हटलें, "तुम्ही धांवत नाहीं, पळत आहां. वडिलांचा मृत्यु तुमच्या पाठीस लागला आहे आणि तुम्ही त्याच्यापुढें पळत आहां. त्या भयापायीं, ज्यांच्यासाठीं जगावयाचें तीच माणसें मागें पडत आहेत. तोंड वळवा. पाय तेच राहूं द्या."

त्यांनीं दोघांनीं मिळून घराचा नेम ठरविला. आठवड्यांत तीन सकाळ गृहस्थांच्या. दोन सकाळ बाईंच्या, त्या वेळीं मुलांचे डबे गृहस्थ करतील. रविवारची लांब धांव मिस्सेच्या आंत संपेल. तें न जमलें तर शनिवारीं सायंकाळीं सर्वांनीं मिळून मिस्सेला यावें, कारण ती मिस्सा रविवारचीच मानली जाते. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यांत धांवणें नाहीं. हा नेम निर्विघ्न पार पडला असें मी सांगत नाहीं. दोन महिन्यांत मोडला, पुन्हां बसविला. भाजीवरून, डब्यांवरून, इस्त्रीवरून कुरबुरी झाल्या. पण बाई शेजारच्या दोघींना घेऊन प्रथम चालूं लागल्या, आणि पावसाळा सरल्यावर थोडथोडें धांवूंहि लागल्या.

या प्रसंगानंतर मीं शुभवर्तमान पुन्हां एका निराळ्या नजरेनें वाचलें. त्यांत कोण कोण धांवतें, तें पाहिलें. देवदूताचा निरोप मिळतांच पवित्र मरिया त्वरेनें डोंगराळ प्रदेशाकडे निघते, ती एलिझाबेथला मदत करण्यासाठीं. मेंढपाळ लगबगीनें बेथलेहेमला जातात, ते बाळाला पाहण्यासाठीं. जक्कय गर्दीच्या पुढें धांवत जाऊन झाडावर चढतो, तो येशूच्या दर्शनासाठीं. पुनरुत्थानाच्या सकाळीं पेत्र व योहान कबरीकडे धांवतात. तरुण योहान आधीं पोंचतो, पण आंत न शिरतां दाराशीं थांबतो व वडील पेत्राला पुढें जाऊं देतो. जलद धांवणाऱ्यांनीं हें थांबणें विसरूं नये. एक श्रीमंत मनुष्यहि येशूकडे धांवत येतो, गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवनाविषयीं विचारतो. पण जें सोडावयास सांगितलें तें सोडवत नाहीं, म्हणून खिन्न होऊन परत जातो. पायांत वेग असून उपयोग नाहीं, मुठी उघडतां आल्या पाहिजेत.

पण माझ्या मनाला सर्वांत लागली ती लूकच्या शुभवर्तमानांतील एका बापाची धांव. धाकटा मुलगा सर्व उधळून परत येत असतो. तो दूर असतांनाच बापाला दिसतो, बापाला कळवळा येतो आणि तो वृद्ध मनुष्य धांवत सुटतो. त्या काळच्या यहुदी समाजांत प्रतिष्ठित वडील माणूस झग्याचा घोळ सांवरून रस्त्यानें धांवत नसे. तें हलकेपणाचें मानीत. त्यानें लोकलाज सोडली. प्रभु येशूनें देवपित्याचें जें चित्र आपल्याला दिलें आहे, तें सिंहासनावर बसलेल्या राजाचें नाहीं. लेंकराकडे धांवत निघालेल्या बापाचें आहे. बापांनो, तुमची पहांटेची धांव या धांवेची तालीम असावी. बुटांचे बंद सोडल्यावर तुम्ही कोणाकडे धांवतां, यावर तिची किंमत ठरेल.

संत पौलानेंहि करिंथकरांस लिहितांना शर्यतीचा दाखला घेतला आहे. करिंथजवळ दर दोन वर्षांनीं इस्थमियन खेळ भरत आणि जिंकणाऱ्यास पाइनच्या डहाळ्यांचा किंवा अजमोदाच्या पाल्याचा मुकुट मिळे; तो अर्थातच सुकून जाई. हें लिहिणारा पौल कोणी रिकामा पंडित नव्हता. करिंथमध्यें तो तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरीत असे, आणि राहत असे तो आक्विला व प्रिस्किल्ला या जोडप्याकडे. हीं दोघें नवराबायको एकाच धंद्यांत राबत आणि त्यांच्याच घरीं ख्रिस्तीजन प्रार्थनेस जमत. काम करणाऱ्या पतिपत्नीचें घर मंदिर होऊं शकतें, याचा इतका जुना पुरावा आपल्यापाशीं आहे.

आतां जीं कोणी धांवतात किंवा धांवूं इच्छितात त्यांना व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. पहिली गोष्ट देहाची. चाळिशी उलटलेल्यानें, आणि साखर, रक्तदाब किंवा छातीचें दुखणें असणाऱ्यानें, डॉक्टरांस दाखविल्यावांचून आरंभ करूं नये. प्रथम चालावें; मग थोडें धांवावें, थोडें चालावें; अंतर हळूहळू वाढवावें. वेग किती असावा, याचें सोपें माप सांगतों. धांवतां धांवतां 'नमो मरिया' ही प्रार्थना पुटपुटतां आली तर वेग ठीक. मध्येंच धाप लागून शब्द तुटूं लागले तर पाऊल आवरावें. छातींत दाटलें किंवा भोंवळ आली तर लाजेस्तव पुढें ओढूं नये, तेथेंच थांबावें. रात्रपाळी करून आलेल्यानें आधीं झोप घ्यावी. झोप चोरून केलेला व्यायाम हें कर्ज काढून केलेलें दान आहे.

दुसरी गोष्ट जागेची. सन २०१८ मध्यें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें केलेल्या मोजणींत तारापूरचें औद्योगिक क्षेत्र देशांतील अतिप्रदूषित क्षेत्रांत गणलें गेलें. म्हणून कारखान्यांच्या धुरांतून न धांवतां, शक्य तेव्हां समुद्राकडची किंवा शेतामधली वाट धरावी. अंधारांत रस्त्यावर मोठमोठ्या मालमोटारी असतात; अंगावर पांढरा किंवा चकाकणारा कपडा असावा, आणि समोरून येणारें वाहन दिसेल अशा बाजूनें जावें. घरीं वाट पाहणारीं माणसें आहेत, हें विसरूं नये.

तिसरी गोष्ट पैशाची व मोठेपणाची. पायाला सोसणारे चांगले बूट घ्यावे, त्यांत कंजुषी नको. पण मुलांची फी राहिली असतां महागडीं घड्याळें व गांवोगांवच्या शर्यतींच्या वर्गण्या नकोत. आपण किती धांवलों, हें जगाला कळविण्याआधीं मुलानें शाळेंत काय केलें तें त्याला विचारावें.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, स्वतःसाठीं जो तास मागाल तो तास आधीं सहधर्मचारिणीला द्या. आणि भगिनींनो, तुम्हांला तो तास मिळाला तर 'माझें काय, माझें चाललें आहे' असें म्हणून परत करूं नका. तुमचें शरीरहि पवित्र आत्म्याचें मंदिर आहे. तें केवळ दुसऱ्यांच्या सोयीचें ओसरीघर नव्हे.

त्या कुटुंबाचें पुढें काय झालें, तें सांगून पुरें करितों. आपल्याच जिल्ह्यांत सन २०११ मध्यें सुरू झालेली वसई-विरारची मॅरेथॉन आहे. गृहस्थांनीं एका डिसेंबरांत तिच्या २१ किलोमीटरांच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्यें नांव घातलें. आदल्या रात्रीं सर्व मंडळी वसईच्या नातेवाइकांकडे उतरलीं. सकाळीं मुलें, आई व आजी रस्त्याच्या कडेला उभीं राहिलीं. गृहस्थांनीं मनांत धरलेली वेळ साधली नाहीं. शेवटचे कांहीं किलोमीटर ते बहुतेक चालतच आले. कुटुंब दिसलें तेव्हां ते थांबले, आईच्या पायांस हात लावला, पाणी प्याले आणि मग पुढें गेले. घड्याळ लावून धांवणारा मनुष्य असा थांबत नाहीं. पण ते थांबले. त्या वर्षीं ते बेचाळीस वर्षांचे होते, आणि मुलगा सातवींत होता.

पुढल्या रविवारीं त्यांची मुलगी तें पदक गळ्यांत घालून मिस्सेला आली. मिस्सा झाल्यावर तिनें मला विचारलें, "फादर, बाबा तर पहिले आले नाहींत. त्यांच्या पुढें पुष्कळ लोक होते. मग त्यांना पदक कां दिलें?" मीं म्हटलें, "बाळ, शेवटपर्यंत गेले म्हणून दिलें." ती क्षणभर विचार करून म्हणाली, "मग आईला केव्हां देणार?" या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. तें तिच्या वडिलांनीं ऐकलें, आणि कांहीं न बोलता मुलीच्या गळ्यांतलें पदक काढून तिच्या हातांत दिलें. तें पुढें कोणाच्या गळ्यांत गेलें, हें तुम्हांला सांगावयास नकोच.

प्रियजनहो, पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं या धर्मग्रामाचा पाया घातला त्यांतील पुष्कळजण आपली शर्यत पुरी करून पित्याच्या घरीं पोंचले आहेत. त्यांनींहि पाळ्या केल्या, गाड्या गांठल्या, मुलें वाढविलीं आणि उरल्या वेळांत हें मंदिर उभें केलें. त्यांच्यापैकीं कोणाला पदक मिळालें नाहीं; मंदिराची घंटा वाजते तेवढीच त्यांची बक्षिसी. आपल्यावर ज्युबिलीचें जें ऋण आहे तें त्यांचेंच आहे, आणि तें फेडण्याचा मार्ग एकच: परत येणें. कामावरून परत येणें, शर्यतींतून परत येणें, भयांतून परत येणें. आणि घरीं पोंचल्यावर, ज्यांच्यासाठीं हें सर्व केलें त्यांच्याकडे तोंड करून बसणें. आज रात्रीं घरीं गेल्यावर एक कागद घ्या आणि पतिपत्नींनीं आपापला दिवस लिहून एकमेकांस वाचावयास द्या. महोत्सवाचें याहून चांगलें स्मरण मला सुचत नाहीं.

रात्रीं उठून, बाळ व त्याची माता यांना घेऊन दूर देशीं निघालेला कष्टकरी संत योसेफ आपल्या घरांचें रक्षण करो. त्वरेनें दुसऱ्याच्या मदतीस जाणारी पवित्र मरिया आपल्या मातांना बळ देवो. आणि आपल्याकडे धांवत येणारा स्वर्गीय पिता आपल्या धांवपळींतील पळ काढून घेवो व धांव तेवढी ठेवो. आमेन.